द्राक्षबागेतील आणि परसबागेतील काडीकचऱ्यासाठी पेट्रोलवर चालणारे चिपर-श्रेडर: नवख्यांसाठी मार्गदर्शन

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात मार्च सरता सरता खरड छाटणीला सुरुवात होते आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत दिंडोरी, निफाड, ओझर, पिंपळगाव बसवंत या भागांतल्या बांधांवर काड्यांचे मोठमोठे ढीग उभे राहतात. ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) एखाददुसरा डोळा (कळी) ठेवून बाकीची काडी उतरवली जात असल्यामुळे वर्षातले सर्वाधिक लाकूड याच छाटणीत निघते. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीत निघणारा माल त्यामानाने कमी आणि जास्त पाल्याचा असतो. हे ढीग पूर्वी सरपणाला जात किंवा बांधावरच पेटवले जात. आता अनेक बागायतदार चिपर-श्रेडर या यंत्राने काडीचा भुगा करून तो वेलींच्या ओळीत आच्छादन म्हणून पसरतात किंवा शेणाबरोबर कुजवतात, आणि नाशिक शहराच्या गंगापूर रोडसारख्या भागांतले बंगलेवालेही आंबा, गुलमोहर, बोगनवेल यांच्या छाटलेल्या फांद्यांसाठी तेच छोटे पेट्रोल यंत्र विकत किंवा भाड्याने आणू लागले आहेत. हा लेख हे यंत्र पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी आहे. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या आसावर) चालणाऱ्या मोठ्या श्रेडरची रीत वेगळी असल्याने त्याचा विचार येथे केलेला नाही.

सुरुवातीलाच एक नियम सांगतो, कारण पुढचे सर्व काही विसरले तरी हा एक पाळला पाहिजे. यंत्राच्या तोंडात, भुशाच्या नळीत किंवा पात्यांच्या झाकणाखाली हात घालायचा असेल, तर आधी इंजिन बंद करावे, फिरणारे चाक पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहावे, स्पार्क प्लगची टोपी ओढून काढावी, आणि मगच हात पुढे न्यावा. ज्या गावात कडबाकुट्टीने कुणाची बोटे गेली नाहीत असे गाव आपल्याकडे शोधूनही सापडणे अवघड. चिपर हे कडबाकुट्टीचेच भावंड आहे, फक्त वेग जास्त. बहुतेक छोटी इंजिने पूर्ण वेगात मिनिटाला सुमारे ३६०० फेरे फिरतात, म्हणजे सेकंदाला ६०. दचकून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात इंजिनाच्या १५ फेऱ्या झालेल्या असतात. "मी चपळ आहे, हात काढून घेईन" या भरवशाला येथे काहीही अर्थ नाही.

यंत्राची ओळख

एकाच सांगाड्यावर दोन कामे करणारे हे यंत्र असते. चिपरच्या बाजूला जाड पोलादी चकती असते, तिच्यावर दोन किंवा अधिक पाती बोल्टने बसवलेली असतात आणि समोर एक स्थिर पाते असते. फांदी या दोहोंच्या मध्ये सापडून तिचे काप पडतात. श्रेडरच्या बाजूला आसावर झुलणारे लहान हातोडे असतात, ते पाला आणि बारीक काडी झोडपून काढतात, आणि खालच्या जाळीच्या छिद्रांतून मावेल इतका बारीक झालेला मालच बाहेर पडतो. काही यंत्रांना दोन वेगळी तोंडे असतात, काहींना एकच. इंजिनाची शक्ती चकतीपर्यंत पट्ट्याने किंवा थेट आसाने जाते. काही यंत्रांत इंजिन मंद ठेवले की चकती थांबते, काहींत मात्र इंजिन चालू असेपर्यंत ती फिरतच राहते. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे हे पहिल्याच दिवशी विक्रेत्यासमोर चालवून पाहून ठेवावे.

साडेसहा-सात अश्वशक्तीच्या यंत्राबरोबर येणाऱ्या कागदावर फांदीची जी कमाल जाडी छापलेली असते, ती ओल्या आणि मऊ लाकडासाठी असते असे समजून चालावे. वाळलेली बाभूळ, सुबाभूळ किंवा आंब्याची जुनी फांदी त्या जाडीच्या निम्मी असली तरी इंजिनाला जड जाते. द्राक्षाच्या काडीची अडचण जाडीची नसतेच. ती जेमतेम पेन्सिलीएवढी असते. ती लांब असते, लवचिक असते, तिला बगलफुटी (बाजूचे फुटवे) असतात आणि तिचे ताणे (आधाराला गुंडाळणारे तंतू) वाळल्यावर तारेसारखे कडक होतात. यंत्राने काडी ओढून घेतली की मागची बगलफूट शर्टाच्या बाहीत अडकते आणि बाहीबरोबर हातही ओढला जातो.

जागा, कपडे आणि माणसे

यंत्र सपाट, घट्ट आणि मोकळ्या जमिनीवर उभे करावे आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. ओल्या काळ्या जमिनीत थरथरीने एक पाय खचतो, यंत्र कलते, आणि कललेल्या इंजिनात तेल एका बाजूला जाऊन वंगण नीट होत नाही. पॅकिंग शेडमध्ये, पोर्चमध्ये किंवा तीन बाजूंनी बंद असलेल्या पत्र्याच्या आडोशाला हे यंत्र कधीही चालवू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि डोके जड होऊ लागले तरी माणूस ते उन्हामुळे झाले असेच समजतो. वारा आपल्या पाठीकडून यावा, धूर आणि भुसा आपल्यापासून दूर जावा, आणि भुशाची नळी रस्ता, घर, गोठा किंवा दुसऱ्या कामगारांच्या दिशेला नसावी. लहान मुले, जनावरे आणि बघ्यांना किमान १५ मीटर दूर ठेवावे. बागेत यंत्र आले की पोरे गोळा होतातच, म्हणून त्यांना लांब थोपवण्याचे काम एका माणसाकडे मुद्दाम सोपवून द्यावे.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. छाटणीसाठी सुरगाणा, पेठ या भागांतून ज्या टोळ्या येतात, त्यांतल्या अनेक बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि ऊन-धुळीपासून बचाव म्हणून डोक्या-तोंडाला ओढणी गुंडाळतात. बागेतल्या कामासाठी हा वेश अगदी योग्य आहे; यंत्राजवळ मात्र ओढणीचे सुटे टोक, पदर, पुरुषांच्या गळ्यातला गमछा, मनगटावरचा दोरा, कडे, बांगड्या, लांब मंगळसूत्र आणि मोकळी वेणी यांतली प्रत्येक गोष्ट धोक्याची असते. यंत्रात माल घालणाऱ्या व्यक्तीने अंगाला बसणारा शर्ट आत खोचून घालावा, बाह्यांची बटणे लावावीत, डोक्याला कान झाकणारी टोपी किंवा घट्ट बांधलेला व टोके आत खोचलेला रुमाल असावा. हातमोजे बोटांना घट्ट बसणारे हवेत. कोपरापर्यंतचे सैल चामडी मोजे काडीत अडकतात. बंद बूट, बाजूंनीही झाकणारा गॉगल आणि कानांसाठी इअरमफ हे तिन्ही आवश्यक आहेत. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानांचे नुकसान करण्याइतका मोठा आहे असे धरावे.

तोंडावर मास्क लावण्यास सांगितले की बहुतेक जण टाळाटाळ करतात. परंतु द्राक्षाच्या काडीवर हंगामभर मारलेल्या बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे), गंधकाचे आणि इतर औषधांचे पुट बसलेले असते आणि भुगा करताना ते सर्व धुळीच्या रूपाने हवेत येते. साधा रुमाल ही धूळ अडवत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन९५ प्रकारचा मास्क वापरावा. बंगल्याच्या आवारात कण्हेर असेल तर तिच्या फांद्या यंत्रात घालूच नयेत, कारण कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात आणि तिचा भुसा चाऱ्यात मिसळला तर जनावर दगावू शकते. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो आणि फुलोऱ्यातले गाजर गवत यंत्रात घातले की त्याचे परागकण आवारभर उडतात, म्हणून या दोन्ही वनस्पतीही वेगळ्या काढाव्यात.

यंत्रावर एकट्याने काम करू नये. एक जण माल घालील आणि दुसरा ढिगातून काड्या सोडवून आणून देईल, अशी विभागणी ठेवावी. दोघांनाही बंद करण्याची कळ कुठे आहे हे डोळे मिटूनही सापडले पाहिजे. आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून हात वर केला की इंजिन बंद, एवढी एक खूण आधी ठरवून घ्यावी.

तेल आणि पेट्रोल

नवे चारस्ट्रोक इंजिन बहुधा तेल न भरता खोक्यातून येते. ही बाब खोक्यावरच्या चिठ्ठीत लिहिलेली असते, पण चिठ्ठी वाचण्याआधी इंजिन चालू करायची दोरी ओढण्याची घाई सर्वांनाच होते. आमच्या पहिल्या यंत्राचे इंजिन असेच गेले. विकणाऱ्याने पेट्रोल भरून द्या एवढेच सांगितले होते, आम्ही ते भरले, यंत्र छान चालू झाले, आणि काही मिनिटांत आवाज बदलून ते जागीच आवळले. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही खरवडले गेले होते. म्हणून दोरीला हात लावण्यापूर्वी यंत्र समतल उभे करून तेलाची मोजपट्टी बाहेर काढावी, पुसून पुन्हा तपासावी, आणि वरच्या खुणेपर्यंत पुस्तिकेत सांगितलेले तेल भरावे. या आकाराच्या बहुतेक इंजिनांना १०डब्ल्यू-३० प्रतीचे सुमारे ६०० मिलिलिटर तेल लागते. ही तपासणी प्रत्येक दिवशी, पहिल्यांदा यंत्र चालू करण्याआधी करावयाची आहे.

पेट्रोल झाकण घट्ट बसणाऱ्या, पेट्रोलसाठीच बनवलेल्या डब्यात आणावे. पाण्याच्या बाटलीत ते कधीही ठेवू नये, कारण एप्रिलच्या उन्हात तहानलेला माणूस बाटली न हुंगता तोंडाला लावतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि काही फुटांवर पेटलेल्या बिडीपर्यंतही पोहोचते. टाकी भरताना इंजिन बंद आणि थंड असावे. काम मध्येच थांबवून भरायचे असेल तर किमान १५ मिनिटे थांबावे, तेवढ्यात माणसांचे पाणी पिऊन होते. टाकी गळ्यापर्यंत न भरता वर थोडी जागा सोडावी, सांडलेले पेट्रोल फडक्याने पुसावे, ते उडून जाऊ द्यावे, आणि यंत्र भरण्याच्या जागेपासून काही अंतर दूर ओढून मगच चालू करावे.

वाळलेला पाला आणि तापलेला सायलेन्सर एकमेकांशेजारी आहेत हे दिवसभर लक्षात ठेवावे लागते. पाल्याने पेट घेतला तर पाण्याच्या बादल्या उपयोगी पडतात. पेट्रोलच्या आगीवर मात्र पाणी ओतल्यास ती पसरते, तेथे वाळू किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक लागते. बादली, वाळूची घमेली आणि अग्निशामक ही तिन्ही साधने यंत्रापासून चार-पाच पावलांवर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला मांडून ठेवावीत.

यंत्र चालू करणे

प्रथम तोंडात आदल्या दिवशीचा माल अडकलेला नाही ना, हे प्लगची टोपी काढलेली असतानाच पाहून घ्यावे. झाकणाचे आणि जाळीचे बोल्ट हाताने हलवून तपासावेत. मग टोपी बसवावी, पेट्रोलचा कॉक उघडावा, इंजिन थंड असेल तर चोक ओढावा आणि ॲक्सिलेटर थोडा वर ठेवावा. दोरी सुरुवातीला हळू ओढावी. अटकाव जाणवला की ती परत आत जाऊ द्यावी आणि मग एका दमात ओढावी. ओढून झाल्यावर मूठ सोडून देऊ नये, हाताने धरूनच दोरी आत जाऊ द्यावी. इंजिनाने लय पकडली की चोक हळूहळू उघडावा, दोन-तीन मिनिटे ते मंद चालू द्यावे, आणि पूर्ण वेग आल्याशिवाय पहिली काडी घालू नये. मंद वेगात माल घातला की तो कापला न जाता चकतीला गुंडाळतो.

माल घालण्याची पद्धत

खरी मेहनत यंत्रावर नव्हे, ढिगावर असते. द्राक्षाच्या ढिगात मांडवाच्या तारेचे तुकडे, बांधणीची सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे, कधी हरवलेली कात्रीसुद्धा निघते. वाळलेला ताणा तारेभोवती असा गुंडाळलेला असतो की काडी हातात घेतली तरी आत लोखंड आहे हे दिसत नाही. तारेचा एक तुकडा आत गेला तर पात्याची धार जातेच, शिवाय तो तुकडा गोळीसारखा नळीतून बाहेर फेकला जातो. म्हणून काड्या ढिगातून ओढून न काढता झटकून काढाव्यात, दोन-तीन जणांनी त्या तारेपासून सोडवून एका दिशेने बुंधे करून मांडाव्यात आणि मातीत रुतलेल्या काड्यांची माती झाडावी. आमच्या बागेत आम्ही ही मांडणी आदल्या संध्याकाळी करतो, कारण यंत्र चालू असताना हात घाईला येतात आणि डोळे ढिगाकडे राहत नाहीत.

छाटणी झाल्यावर फार दिवस थांबू नये. ताजी काडी मऊ कापली जाते, तर महिनाभर उन्हात पडलेली काडी कडक होऊन धूळ करते आणि पाती लवकर बोथट करते. अगदी रसरशीत पालाही एकदम घातला तर जाळीवर लगदा बसतो. असा पाला दोन दिवस सुकवून, काडीबरोबर आलटून-पालटून घालावा.

माल घालताना तोंडाच्या अगदी समोर उभे न राहता एका बाजूला उभे राहावे, पाय दोन्ही जमिनीवर घट्ट असावेत. बुंध्याची बाजू आधी घालावी आणि यंत्राने काडी पकडल्याची ओढ हाताला जाणवताच ती सोडून द्यावी. नवख्याला नेमके हेच जमत नाही, कारण काडी नीट जावी म्हणून तो ती शेवटपर्यंत धरून ठेवतो. पहिले अर्धा तास एकेकच काडी घालावी आणि "लागली की सोडली" ही सवय हातात बसू द्यावी. पुढे पाच-सहा काड्यांची पेंढी घालता येते. पेंढी दोरीने कधीही बांधू नये. बारीक कचरा आत ढकलायचा असेल तर तोंडाच्या खोलीपेक्षा लांब असा लाकडी दांडा वापरावा. लोखंडी सळई, फावडे, पाय किंवा हात यांचा वापर करू नये. लाकडी दांडा चकतीत गेला तरी त्याचा भुगाच होतो, सळई गेली तर चकती फुटू शकते.

इंजिनाचा आवाज जड होऊ लागला की माल घालणे थांबवावे आणि पूर्ण वेग परत आल्यावरच पुन्हा सुरू करावे. नळीतून बाहेर पडणाऱ्या भुशाकडेही लक्ष असू द्यावे. तो अचानक कमी झाला तर आत तुंबायला लागले आहे, आणि स्वच्छ कापांऐवजी तंतू निघू लागले तर पाती बोथट झाली आहेत. नळीपुढे साचणारा ढीग वेळोवेळी बाजूला ओढावा, नाहीतर तो नळीचे तोंड बुजवतो. दुपारी १२ ते ४ या वेळात एप्रिलमध्ये हे काम शक्यतो ठेवू नये. थकलेल्या हाताकडून चूक लवकर होते, आणि मास्क-मफ लावून त्या उन्हात उभे राहणारा माणूस तासाभरात थकतो. दारू घेतलेल्या माणसाला यंत्राच्या जवळपास येऊ देऊ नये, मग तो कितीही जुना आणि जाणता कामगार असो.

यंत्र तुंबले तर

माझ्या पाहण्यात आलेली दुखापत यंत्र चालू असताना झालेली नव्हती. शेजारच्या बागेत एका मजुराने तुंबलेले यंत्र रीतसर बंद केले, इंजिनाचा आवाज थांबला, आणि त्याने लगेच तोंडातली काडी ओढायला हात घातला. इंजिन थांबले होते, पण जड चकती स्वतःच्या वजनाने अजून फिरत होती आणि अंधाऱ्या तोंडातून ती फिरताना दिसत नव्हती. हातमोज्याची दोन बोटे आत गेली; मोजा सैल होता म्हणून तो ओढला जाऊन निघाला आणि माणसाचे फक्त नख गेले. मोजा सैल नसता तर काय झाले असते, किंवा सैल मोज्यानेच हात आत नेला असता तर काय झाले असते, हे दोन्ही प्रश्न त्या दिवशी आम्हा सर्वांसमोर होते. घट्ट मोजाच घालावा हा सल्ला मी तरीही बदलत नाही, कारण मोजा सुटून हात वाचणे हा योगायोग होता.

तुंबल्यावर पुढील क्रम पाळावा. इंजिन बंद करावे आणि पेट्रोलचा कॉक मिटावा. चकतीची घरघर पूर्ण थांबेपर्यंत दोन पावले मागे उभे राहावे. काही यंत्रांत यास अर्धा मिनिट किंवा अधिकही लागते. नंतर प्लगची टोपी काढून ती प्लगपासून दूर वळवून ठेवावी. किल्लीने चालू होणारे यंत्र असेल तर किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. टोपी काढण्याचे कारण नीट समजून घेण्याजोगे आहे. चकती हाताने फिरवली की पट्ट्याद्वारे इंजिनही फिरते, आणि टाकीत पेट्रोल व प्लगला ठिणगी मिळाली तर ते त्या एका झटक्यात सुरू होऊ शकते. यानंतर झाकण उघडावे आणि अडकलेला माल आकड्याने किंवा काठीने काढावा. अडकलेल्या काड्यांमध्ये ताण साठलेला असतो, त्यामुळे त्या सुटताच चकती अचानक थोडी फिरते. बोटे पात्याच्या वाटेत नसावीत. एक पाते हलले की दुसरेही हलते, हे दोन माणसे एकाच वेळी हात घालत असतील तेव्हा विशेष लक्षात ठेवावे. खरे तर एकानेच हात घालावा.

दुर्दैवाने दुखापत झालीच तर यंत्र बंद करून स्वच्छ कापडाने जखमेवर घट्ट दाब द्यावा, हात छातीच्या वर धरावा आणि १०८ वर फोन करावा. बोट तुटले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. हळद, चहापूड असे काहीही जखमेत भरू नये.

देखभाल

पात्यांची धार हा देखभालीचा गाभा आहे, कारण बोथट पात्याचे यंत्र माल ओढत नाही, मग माणूस तो ढकलतो, आणि ढकलणारा हात तोंडाजवळ जातो. पाती काढताना प्लगची टोपी काढलेली असावी, चकती लाकडी पाचरीने अडवलेली असावी आणि जाड मोजे घातलेले असावेत. धार मूळच्या उताराच्या कोनातच लावावी. ग्राइंडरवर पाते तापून निळे पडले तर त्याचे पाणी उतरते आणि ती धार टिकत नाही, म्हणून थोडे घासावे, पाण्यात बुडवावे, पुन्हा घासावे. दोन्ही पात्यांवरून सारखाच लोखंडाचा भाग गेला पाहिजे. हे तपासण्यासाठी मी पाती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवतो आणि एक-दोन ग्रॅमचाही फरक दिसला तर जड पात्याच्या मागच्या बाजूने घासतो, कारण असमतोल चकती थरथरते आणि बेअरिंग खाते. चीर पडलेले पाते घासून वापरू नये, जोडीच बदलावी. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने, टॉर्क पान्याने आवळावेत आणि फिरते व स्थिर पाते यांतले अंतर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) जुळवावे. बसवून झाल्यावर चकती हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहावे.

एअर फिल्टर हा आपल्या हवामानातला दुसरा महत्त्वाचा भाग. एप्रिलच्या धुळीत तो रोज संध्याकाळी उघडावा. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पिळून, पूर्ण वाळवून त्यावर इंजिन तेलाचे काही थेंब चोळावेत. कागदी फिल्टर धुऊ नये, हलकेच आपटून धूळ झाडावी आणि तो काळा पडला की बदलावा. इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये आणि दोरीच्या जाळीवर भुसा बसला की हवा खेळत नाही, इंजिन तापते आणि तोच भुसा पेटतो. तो इंजिन थंड झाल्यावर ब्रशने काढावा.

तेल पहिल्या २० तासांनंतर बदलावे, कारण नव्या इंजिनातला लोखंडाचा बारीक चुरा त्यात असतो. पुढे सर्वसाधारणपणे १०० तासांनी किंवा ६ महिन्यांनी बदल सांगितलेला असतो, परंतु धुळीच्या कामात मी ५० तासांची मुदत पाळतो. तेल कोमट असताना काढावे म्हणजे गाळ वाहून जातो. जुने तेल बांधावर न ओतता डब्यात साठवून गॅरेजला द्यावे. प्लगमधले अंतर बहुतेक इंजिनांसाठी ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर सेंटिमीटरभर दबला तर ताण ठीक आहे. कडा फाटलेला किंवा चकाकी आलेला पट्टा बदलावा. ग्रीसच्या जागांना पुस्तिकेप्रमाणे ग्रीस द्यावे.

भुशाचा उपयोग

निरोगी काडीचा भुसा ओळीत दोन-तीन इंच जाड पसरता येतो; खोडाला मात्र तो चिकटू देऊ नये. ताजा भुसा मातीत मिसळू नये, कारण तो कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतो. पृष्ठभागावर ठेवलेल्या थराचा हा त्रास फारसा होत नाही. करपा, भुरी किंवा पिठ्या ढेकूण असलेल्या बागेतला भुसा सरळ पसरण्यापेक्षा शेणकाला घालून, ढीग आतून चांगला गरम होईल अशा रीतीने कुजवून मगच वापरावा. खोडकिडीच्या अळ्या असलेली जाड खोडे या यंत्राच्या आवाक्यातलीही नसतात आणि ती बागेत ठेवण्याजोगीही नसतात. शहरातल्या वाचकांसाठी एवढेच सांगणे आहे की, नाशिक महापालिका हद्दीत झाड तोडण्यास परवानगी लागते आणि स्वतःच्या आवारातले झाड असले तरी ती आधी घ्यावी.

दोन छाटण्यांमधली विश्रांती

या यंत्राचे काम वर्षातून दोनदा असते आणि मधल्या काळात संपूर्ण पावसाळा येतो. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि महिनोन्महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलमुळे कार्बोरेटर चिकटतो व जुन्या रबरी नळ्या खराब होतात. म्हणून मे महिन्यात काम संपताच टाकी रिकामी करावी, उरलेले पेट्रोल मोटारसायकलमध्ये वापरून टाकावे आणि यंत्र चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत कार्बोरेटरमधले पेट्रोल संपू द्यावे. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर इंजिन तेल सोडावे, दोरी दोन-तीनदा हळू ओढावी, प्लग परत बसवावा आणि शेवटी अटकाव जाणवेल तेथे दोरी थांबवावी, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतात. पाती, चकती आणि जाळी कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. यंत्र फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावे आणि त्यावर ताडपत्री घट्ट आवळून न बांधता हवा खेळेल असे सुती आच्छादन घालावे. टोपी प्लगवर न बसवता दोऱ्याने मुठीला बांधून ठेवावी, म्हणजे शेडमध्ये खेळणाऱ्या पोराने दोरी ओढली तरी इंजिन जागे होणार नाही.

सप्टेंबरअखेर यंत्र बाहेर काढले की पहिल्यांदा फिल्टरचे घर उघडावे, कारण पावसाळ्यात कोरडी जागा शोधणाऱ्या उंदराला ती फार आवडते. कापसाचे आणि सुतळीचे घरटे निघाले तर ते चिमट्याने काढावे, पेट्रोलची नळी कुरतडलेली नाही ना ते पाहावे, पट्टा तपासावा, तेल बदलावे, ताजे पेट्रोल भरावे, चकती हाताने एक फेरा फिरवावी, आणि शेवटी मुठीला बांधलेली टोपी सोडून प्लगवर बसवावी.